आधी ऐब सांगा

"खोलीचे ऐब आधी सांगतो, मंग तुम्ही भाडं विचारा," असं म्हणून मामाजींनी आमचं स्वागत केलं, तेव्हा बाबांच्या खांद्यावर माझी गादीची वळकटी होती आणि ती खाली ठेवावी की नाही हेच त्यांना कळेना.

"ही पश्चिमेची भिंत हाय. एप्रिलपासून तापते. पंखा हाय, पन गरम हवा फेकते. नळाले सकाळीच पानी, ते बी आलं त. उंदीर हायत. मी स्वतः रागीट हावो आनि झोपलो का घोरतो, ते इथपर्यंत आयकू येते. आता तुमच्या पोरीचे ऐब सांगा."

बाबा हादरले. सानगडीच्या बाजारात त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान. आयुष्यभर त्यांनी प्रत्येक पोत्याचे गुणच सांगितलेले. "आमच्या पोरीत काही ऐब नाही जी," ते म्हणाले.

"मंग खोली बी नाही जी," मामाजी म्हणाले आणि आत जायला वळले.

भंडाऱ्यात सकाळपासून आम्ही खोल्याच पाहत फिरत होतो. सीईटीचे क्लासेस सुरू झालेले आणि मुलींसाठी बरी खोली मिळत नव्हती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, वळकटीकडे पाहिलं, आणि पडेल आवाजात म्हणाले, "थोडी तोंडाळ हाय. आनि सकाळी उठत नाही."

"बस, झालं. आता खुशाल राहा म्हना," मामाजी म्हणाले आणि चावी माझ्या हातात दिली. माझ्या सख्ख्या बापाने परक्या माणसापुढे मला तोंडाळ म्हटलं, हा त्या घरातला माझा पहिला धक्का. त्यानंतर दोन वर्षं मी तिथे राहिले, पण धक्क्यांची सवय काही झाली नाही. प्रत्येक नवाच बसायचा.

मामाजी म्हणजे माझे कुणी मामा नव्हेत. अख्खी गल्ली त्यांना मामाजी म्हणायची, आम्ही भाडेकरू मुलीही म्हणायचो. उंच, वाळके, अंगात बंडी, डोक्यावर उन्हाचा पांढरा दुपट्टा. घराच्या दर्शनी भागात त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. स्टीलने ते केव्हाच खाल्लं होतं, तरी रोज सकाळी फळ्या उघडून ते बसायचे. एखादं गिऱ्हाईक चुकून यायचं, पाणी भरायचा गुंड हातात घ्यायचं, तेवढ्यात मामाजी म्हणायचे, "थांबा जी. इथं बोट लावून पाहा. पोचा हाय." गिऱ्हाईक बोट लावायचं आणि बहुतेक वेळा गुंड ठेवून निघून जायचं. मामीजी आतून कपाळाला हात लावायच्या. त्यांचं अर्धं आयुष्य तसा हात लावण्यातच गेलं असावं.

त्यांचा खरा धंदा, खरं तर शौक, सोयरिकी जुळवण्याचा होता. त्याचा एक पैसा घेत नसत. साकोली-लाखांदूरपासून तुमसरपर्यंत लोक त्यांना मध्यस्थ म्हणून न्यायचे, कारण त्यांनी जुळवलेल्या लग्नात नंतर कुणी 'आम्हाला फसवलं' असं म्हणू शकत नसे. पाहुणे बसले, पोहे आले, की मामाजी उभे राहायचे आणि भर बैठकीत मुलीचे ऐब सांगायचे. मग मुलाचे. एकदा त्यांनी मुलगी दहावीला तीनदा नापास झाल्याचं साऱ्या पाहुण्यांसमोर सांगितलं. मुलीची आई तिथेच रडायला लागली. नवरदेवाचे वडील खाकरले आणि म्हणाले, "आमचा चारदा झाला हाय जी, आम्हीच तोंड उघडत नोहतो." लग्न तिथल्या तिथे पक्कं झालं. ही गोष्ट मामाजी वारंवार सांगत आणि दर वेळी तेवढेच खूश होत.

त्यांचे अंदाज चुकतही, हेही सांगितलं पाहिजे. एका सोयरिकीत दोन्हीकडचे झाडून सारे ऐब मांडले, पण मुलाच्या आईची जीभ कुणी मांडली नाही. सून वर्षाच्या आत माहेरी आली. मामाजी त्या मुलीच्या बापाकडे गेले, त्याच्या ओसरीवर बसून राहिले आणि तो शिव्या देऊन दमल्यावरच उठले.

माझ्या सीईटीचा निकाल लागला त्या दिवशी मी मोबाइल उशीखाली घालून पडले होते. एकसष्ट पर्सेंटाइल. म्हणजे धड हुशारांत नाही, धड ढ मुलांतही नाही. नव्वदवाल्यांचे फोटो क्लासच्या फलकावर लागतात, तिशीवाल्यांना घरचे समजावतात, आणि एकसष्टवालीशी काय बोलावं ते कुणालाच कळत नाही. दाराशी मामाजी आले. किती पडले म्हणून त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. ते बरं म्हणून निघून गेले. मला वाटलं, चला, समजूतदार माणूस आहे.

संध्याकाळी दूधवाला म्हणाला, "एकसष्ट का ताई? होते, होते." इस्त्रीवालीने एक सुस्कारा जास्तीचा सोडला. समोरच्या घरातल्या आजीने हाक मारून सांगितलं की तिच्या नातवालाही एवढेच होते आणि आता त्याचं बरं चाललंय. मामाजींनी गल्लीत दारोदार जाऊन माझे मार्क सांगितले होते! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी दुकानात जाऊन त्यांना जे बोलले, त्यावरून बाबांनी माझा ऐब अगदी बरोबर सांगितला होता हे सिद्ध झालं.

मामाजी लसूण सोलत ऐकत राहिले. मी थांबल्यावर म्हणाले, "आता तुले कोनी विचारन का, किती पडले म्हून?"

"नाही. आता साऱ्यायले माहीत आहे!"

"मंग आता तुले लपवायचं काम नाही. डोकं मोकळं झालं. कॉलेज पाहायले लाग." मग म्हणाले, "हे पाह्य पोरी, वरच्याले सारे बोलावते. खालच्याची सारे कीव करते. मधल्याले कोनीच विचारत नाही. म्हून मधल्यानं सोता विचारत फिराव."

आणि ते खरोखर विचारत फिरायला निघाले. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. इंजिनिअरिंगला जायचं तर सीईटीनंतर आपल्या पसंतीच्या क्रमाने कॉलेजांची यादी ऑनलाइन भरायची असते. मार्कांप्रमाणे त्यातलं एखादं वाट्याला येतं. पहिल्या नंबरावर टाकलेलंच मिळालं तर ते घ्यावंच लागतं, मग नाक मुरडता येत नाही. नव्वदवाल्यांना ही यादी सोपी असते. वरची चार नावं साऱ्यांना पाठ असतात. एकसष्टला मिळू शकतील अशी कॉलेजं मात्र ढीगभर असतात आणि त्यांच्या वेबसाइटवर सगळीकडे तीच हसरी मुलगी छातीशी पुस्तकं धरून उभी असते. मी मैत्रिणींच्या सांगण्यावरून एक यादी केली होती. मामाजींनी ती पाहिली आणि विचारलं, "यातलं कोनतं पाहून आली?"

"पाहायचं काय? साइटवर सगळं आहे."

"फोटो पाहून सोयरीक करून राहिली काय?" ते ओरडले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही स्थळं पाहायला निघालो. मामाजी इस्त्रीचा शर्ट घालायचे, खिशात सुपारीची डबी, आणि एसटीत खिडकीशी बसून लग्नघरी निघाल्याच्या तोऱ्यात बाहेर पाहायचे. कॉलेजात शिरले की आधी नळाचं पाणी पिऊन पाहायचे. मग प्रवेशाच्या टेबलाशी बसून माझं सांगून टाकायचे, "एकसष्ट हायत. गणित कच्चं हाय. तोंडाळ हाय." मी जमिनीकडे बघत उभी. आणि मग त्यांचा तो एकच प्रश्न, "आता तुमचे ऐब सांगा."

समोरचा माणूस आधी हसायचा, आपण ऐकलं ते बरोबर की काय म्हणून माझ्याकडे बघायचा. एका ठिकाणी तर त्यांना सरकारी तपासणीचे अधिकारी समजून आतून चहा पाठवण्यात आला. एका कॉलेजातला सर फार गोड हसून म्हणाला, "आमचा ऐब म्हणाल तर आम्ही विद्यार्थ्यांवर जरा जास्तच लक्ष देतो." मामाजी नमस्कार करून उठले. बाहेर आल्यावर म्हणाले, "जो नवरदेव म्हनते का माह्यात चांगुलपनाचा ऐब हाय, तो हमखास दारू पेते."

एक कॉलेज मात्र वेगळं निघालं. जुनं, लहान, फाट्यावर उतरून बरंच आत चालत जावं लागणारं. भिंतीचा रंग उडालेला. टेबलाशी कुणी नव्हतंच. वर्गातून एक मॅडम खडूचे हात पुसत आल्या. विभागप्रमुख त्याच होत्या. मामाजींचा प्रश्न त्यांनी ऐकला, हसल्या नाहीत, आणि खुर्ची ओढून बसल्या.

"दोन जागा रिकाम्या आहेत, भरल्या जात नाहीत. म्हणून तीन विषय मीच शिकवते. मुलींच्या हॉस्टेलचं पाणी एप्रिलमध्ये जातं, टँकर येतो. वर्कशॉपमधली दोन मशीन बंद आहेत. मोठ्या कंपन्या इथे मुलं घ्यायला येत नाहीत, आमची मुलं बाहेर जाऊन परीक्षा देतात."

आम्ही फाटकाशी पोचलो तोवर त्या मागून हाक मारत आल्या. "लायब्ररी पाचला बंद होते. ते सांगायचं राहिलं."

मामाजींचा चेहरा असा फुलला की काय सांगू. रस्त्यावर येताच म्हणाले, "हे पयल्या नंबरावर टाक."

मी थक्क झाले. मला वाटलं चेष्टा करतायत. "मामाजी, तिथे पाणी नाही! शिकवायला माणसं नाहीत!"

"हो, पन सांगतलं ना तिनं."

"सांगितलं म्हणून काय पाणी येणार आहे?"

"नाही येनार. पन दिसल्या पोच्यातून पानी सांडत नाही पोरी, न दिसलेल्या भोकातून सांडते." मी फाट्यावर बस येईपर्यंत भांडले. पहिलं नाव म्हणजे गमतीचं नव्हतं, तेच माथी मारलं जाऊ शकत होतं. चार वर्षं माझी जाणार होती, मामाजींची नाही. बस आली तेव्हा त्यांनी खिडकीची जागा मला दिली, एवढीच त्यांची माघार.

हा वाद मिटायच्या आतच बाबांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "तुझं काम झालं. सीट पक्की केली. लॅपटॉप बी भेटनार हाय."

झालं असं की एका मोठ्या कॉलेजचा माणूस सानगडीला दुकानात येऊन बसला होता. पांढरा शर्ट, टाय, हातात रंगीत पुस्तिका. बाबांचा जन्म एजंटांशी बोलण्यात गेला. खताच्या कंपनीचा माणूस येतो, हंगामाआधी माल उचला म्हणतो, आधी उचलला तर पंखा, जास्त उचलला तर सहल. ही स्कीमची भाषा बाबांना चोख कळायची आणि त्यात ते कधी फसले नव्हते. हा माणूसही तीच भाषा बोलला. यादी-बिदी भरायच्या आधी सीट पक्की करा, लॅपटॉप मोफत, हॉस्टेल अर्ध्यात. बाबांनी स्कीम उचलली. आणि सीट पक्की करायची म्हणून माझी टीसी आणि बारावीची मूळ गुणपत्रिका त्याच्या हाती दिली. ते कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरात दुकानातच ठेवलेले होते, खोलीतल्या उंदरांच्या भीतीने मीच ठेवायला सांगितले होते.

मूळ कागद नाहीत तर यादी भरून उपयोग नाही. कुठेही नंबर लागला तरी कागद दाखवल्याशिवाय कुणी उभं करत नाही. मी लगेच पुस्तिकेवरच्या नंबरला फोन केला. एका बाईने नम्रपणे सांगितलं की प्रवेश झालेला आहे, रद्द करायचा तर पूर्ण वर्षाची फी भरा आणि कागद घेऊन जा. असं अडवता येत नाही, तक्रार करता येते, हे मला नंतर कळलं. पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत फेऱ्या संपून गेल्या असत्या. वर्ष गेलं असतं आणि घरात वर्ष गेलेल्या मुलीचं पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं. बाबा वाईट नव्हते, पण एकदाच संधी म्हणाले होते.

मी रडत दुकानात गेले. मामाजींनी सगळं ऐकलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं. "सोयरीक ठरली नाही आनि पोरगी नांदायले पाठवली!" ते म्हणाले. "बापाले बोलाव उद्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या कॉलेजात गेलो. कमानीपाशी कारंजं उडत होतं. आतल्या हॉलमध्ये गार हवा, काचेची टेबलं, आणि दुकानात आलेला तोच टायवाला. आम्ही त्याला साहेब म्हणत होतो, पण तो तिशीचाही नसावा. त्याने बाबांना ओळखलं, पाणी मागवलं. बाबांनी हात जोडून कागद मागितले. साहेबाने फीचा आकडा कागदावर लिहून पुढे सरकवला. त्याच्या पाठीमागे लोखंडी कपाट होतं, दार अर्धवट उघडं, आणि आत कप्प्याकप्प्यांत फोल्डर दाटून भरलेले. त्यातलं एक माझं होतं.

मामाजींनी आपला प्रश्न विचारला. "तुमचे ऐब सांगा."

"आमच्यात काही ऐब नाही काका. जिल्ह्यात विचारा," साहेब म्हणाला.

मामाजींनी काचेतून बाहेरच्या कारंज्याकडे पाहिलं. मग त्यांनी सुपारीची डबी काढली, एक खांड तोंडात टाकलं, आणि मऊ आवाजात म्हणाले, "बरं. मंग पोरगी तुमचीच. पन आमची रीत हाय, ऐब आधी सांगाव. पाठीमागून नाव ठेवू नोका."

"सांगा ना."

"इले अर्जाची खोड हाय."

"कसल्या अर्जाची?"

"माहितीच्या अधिकाराची. अकरावीत होती तवा लॅबमधल्या बाटल्या रिकाम्या दिसल्या. टाकला अर्ज, बिलं दाखवा म्हने. हेडमास्तरची बदली झाली जी. माह्या घरी भाड्यानं राहते. नळाले पानी कमी आलं, नगरपरिषदेत अर्ज. वरून माह्याच हातानं पोचवून दिला." मामाजींनी बाबांकडे मान वळवली. "हा सख्खा बाप. याच्या दुकानावर अर्ज हाय. बियान्याचं पक्कं बिल देत नाही म्हून. विचारा त्याले."

बाबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. माझंही. मी आयुष्यात एकही अर्ज केला नव्हता. मला तर लायब्ररीच्या कार्डासाठीही अर्ज लिहिताना घाम फुटायचा. आणि हे सांगत कोण होतं? ज्याने गिऱ्हाईक गेलं तरी चालेल पण पोचा लपवला नाही, तो माणूस! एकही शब्द न अडखळता, माझ्या देखत, माझ्या बापाच्या देखत लबाड बोलत होता.

"हॉस्टेलचं बी सांगून ठेवतो," मामाजी पुढे म्हणाले. "मेसमध्ये वजनकाटा घेऊन बसन. लॅपटॉप कोन्या खर्चातून दिला, तेबी विचारन. पन मनाची साफ हाय. सांभाळून घ्या."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. रागाने आणि लाजेने माझे डोळे भरून आले होते, चेहरा लाल झाला असणार, आणि मला वाटतं त्याला तो चेहरा अर्ज करणाऱ्या मुलीचाच वाटला. तो उठून आतल्या केबिनमध्ये गेला. बाहेर आला तेव्हा त्याचं गोड हसू गेलं होतं. कपाट उघडून त्याने माझं फोल्डर काढलं आणि टेबलावर ठेवलं. "सर म्हणतात, आम्हाला शिस्तीचे विद्यार्थी पाहिजेत. तुम्ही दुसरीकडे बघा."

परतीच्या एसटीत मी फोल्डर छातीशी घट्ट धरून बसले होते. बाबा म्हणाले, "माह्या दुकानावर अर्ज?" आणि त्यांना हसू आवरेना. मीही हसले, रडणं आणि हसणं एकदमच आलं. मामाजी हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की सोयरीक मोडायची ही जुनी युक्ती आहे. आपण नाही म्हणायचं नाही, आपल्याच पोरीला असं नाव ठेवायचं की समोरचेच नाही म्हणतील. दुसरे मध्यस्थ करायचे, त्यांनी ती कधी केली नव्हती. "पोरीच्या नावानं लबाड बोललो," एवढं म्हणून त्यांनी दुपट्टा तोंडावर ओढून घेतला.

त्यानंतर मामाजी बिघडले. त्या रात्री जेवले नाहीत, असं मामीजींनी सांगितलं. माझ्याशी बोलताना माझ्या चपलांकडे बघून बोलायचे. लाखनीकडचे पाहुणे सोयरिकीसाठी न्यायला आले, त्यांना दारातूनच परत पाठवलं. मग एका सकाळी पुन्हा गल्लीत दारोदार गेले आणि साऱ्यांना सांगून आले की त्या पोरीला अर्जाची खोड नाही, मी तिच्याबद्दल लबाड बोललो. गल्लीला मुळात काहीच माहीत नव्हतं! ते आता झालं. इस्त्रीवाली माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाई, एखादा अर्ज असन त लिहून दे ना, राशनचा."

मी यादी भरली. पहिल्या नंबरावर कुठलं नाव टाकलं ते मामाजींनी विचारलं नाही. त्या फाट्यावरच्या कॉलेजचं टाकलं. मामाजींचं पटलं होतं असं नाही, खरं सांगायचं तर त्या कारंज्याच्या कॉलेजमधून आल्यावर मला त्या मॅडमच आठवत राहिल्या, लायब्ररीचं सांगायला मागून धावत आलेल्या. आणि तेच मिळालं. पुढची चार वर्षं मी तिथे काढली. एप्रिलमध्ये पाणी गेलं, मशीन बंदच राहिली, मोठी कंपनी एकही आली नाही. सांगितल्यापेक्षा वाईट काही निघालं नाही आणि चांगलं मात्र बरंच निघालं. आज मी ज्या नोकरीत आहे ती बाहेर परीक्षा देऊनच मिळाली.

पण हे सगळं नंतरचं. नंबर लागल्याचं कळलं त्या सकाळी मी धावत दुकानात गेले तर फळ्या बंद. मामीजी म्हणाल्या, "पहाटे गेले बाई. सांगून नाही गेले. इस्त्रीचा शर्ट घालून गेले."

मामाजी संध्याकाळी आले. उन्हाने काळवंडलेले, पायांवर धूळ. मी नंबराचं सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, कितीतरी दिवसांनी डोळ्यांत पाहिलं, आणि दुकानाच्या पायरीवर बसले.

"कुठे गेला होता?"

"त्या कारंज्याच्या कॉलेजात."

"काहून गेले तिथे?"

"आता तुही सीट पक्की झाली असन, असं वाटलं. म्हनलं, जाऊन सांगून याव. त्या साहेबाले म्हनलं, बाप्पा, पोरगी साफ हाय, एकबी अर्ज केला नाही तिनं, मी लबाड बोललो. तिचं नाव तुमच्या तोंडी वाईट नोको राहाले."

मी कपाळाला हात लावला, अगदी मामीजींसारखा. ज्याने माझे कागद अडवले होते त्याच्यासमोर हा माणूस एसटीने जाऊन माफी मागून आला होता! "मग तो काय म्हणाला? हाकललं ना?"

"नाही. उठला, दार लावून घेतलं, आनि रडाले लागला." मामाजींनी दुपट्टा काढून गुडघ्यावर ठेवला. "दिघोरीकडचा पोरगा हाय. एमटेक झाला हाय. शिकवाले लागला होता तिथं. आता टाय बांधून गावोगाव फिरवते त्याले. पोरं आनली नाही त पगार नाही. सोडून जाऊ म्हनते, त जाऊ देत नाही."

"का नाही जाऊ देत?"

"नोकरीवर घेतलं तवाच त्याचे डिग्रीचे मूळ कागद ठेवून घेतले. त्याच कपाटात हायत, तुहं फोल्डर होतं त्याच्या खालच्या खनात. चावी त्याच्याच खिशात हाय. कपाट रोज तोच उघडते. पन आपले कागद उचलायची हिंमत होत नाही. म्हने, काका, आमच्या सरले माह्याबद्दल बी सांगा ना काहीतरी असं."

गल्लीत अंधार पडत चालला होता, आतून मामीजी जेवायला हाका मारत होत्या. मामाजी उठले नाहीत.

"परतीच्या बसमध्ये बसलो तवापासून तेच इचार करून राहिलो," ते म्हणाले. "त्याच्यासाठी कोनतं लबाड बोलाव, तेच सुचून नाही राहिलं."